डावी बाजू वर

टेलरमास्तरांच्या मापवहीत एक माप तेहतीस वर्षं अपुरं पडून होतं. तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक फिरकलं नसेल परत, त्यात काय एवढं? पण ते माप माणसाचं नव्हतंच, ते एका सिनेमाचं होतं. आणि त्या सिनेमातली एक बाई घरी जिवंत परतली की नाही, एवढ्या एका गोष्टीपायी मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, जीव तेहतीस वर्षं टांगणीला लागला होता. हसू नका. आधी ऐका तर.

मास्तरांचं दुकान खाली आणि घर वर. दुकान म्हणजे दोन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि कोपऱ्यात पडद्याआड ट्रायलरूम. तिच्यात माणूसभर उंचीचा आरसा. कोट ही मास्तरांची खासियत, पुरुषांचे आणि बायकांचेही. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, आपण त्याच्या मागे उभं राहायचं आणि कोट बघायचा तो आरशातच. थेट कधी नाही. "समोरून बघितलं की आपण तोंडाकडे बघत बसतो," म्हणायचे, "आरशात बघितलं की शिवण दिसते." माप घेताना टेप मास्तरांच्या हातात आणि वही काकूंच्या. "खांदा साडेसतरा, डावा उतरता. बाही चोवीस. पोट सुटलंय, दीड इंच जास्त धर." काकू मान खाली घालून लिहून घ्यायच्या. एवढं सोडलं तर मास्तर मुलखाचे घुमे. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणार, त्यातली आठ इंचांची. पहिल्यांदा भेटले तेव्हा "तुझी बाही आखूड आहे" एवढंच बोलले आणि तरीही मी हो म्हटलं, हे काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आता जिना चढून वर या. पूर्वी ज्या फळ्यांवर कापडाचे तागे असायचे, त्या सगळ्या फळ्या मास्तरांनी वर आणून भिंतीला ठोकल्या होत्या आणि त्यांवर जमिनीपासून छतापर्यंत सिनेमे. आधी कॅसेटी. मग ताटाएवढ्या चकत्या निघाल्या होत्या मध्यंतरी, त्या. मग लहान चकत्या, आणि मग तशाच दिसणाऱ्या पण दुप्पट स्वच्छ चित्राच्या. हजाराच्या वर असतील. आणि सगळं मिळून दोनच प्रकार: मुके सिनेमे आणि जुने जपानी. तिसरं काही नाही. "मास्तर, एखादा बोलका ठेवा की," कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "जपानी बोलला तर चालतो. मला कुठे कळतंय." प्रत्येक सिनेमाची नोंद वेगळ्या मापवहीत, अगदी गिऱ्हाइकाची असते तशी. नाव, साल, उंची म्हणजे किती मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात दुरुस्ती: कुठल्या कंपनीनं कडा कापल्या, कुणाचं चित्र काळवंडलंय, कुणी नवं स्वच्छ करून काढलं. एकच सिनेमा तीन-तीनदा घेतलेला. "एकच माणूस तीन कोट घालून आलाय," काकू कपाळाला हात लावायच्या. मास्तर तिन्ही लावून दाखवायचे. पहिल्यात पाऊस पडतोय हे माणसं भिजल्यावर कळायचं. दुसऱ्यात पाऊस दिसायचा. तिसऱ्यात वळचणीवरून ओघळणारा थेंब सुटायच्या आधी जरा थबकतो, तेही दिसायचं. शंभर वर्षांपूर्वीचा तो थेंब! काकू हातातलं काज थांबवून म्हणायच्या, "हं, बरा आहे," आणि पुन्हा मान खाली घालायच्या. मास्तरांना वाटायचं, हिला काही यात गोडी नाही, आपली बसते बिचारी सोबत म्हणून.

हे खूळ शिरलं कुठून तेही सांगायला हवं. चौतीस वर्षांपूर्वी जहाजावर नोकरीला असलेला एक माणूस ओव्हरकोट घेऊन आला. अस्तर बदलायचं होतं. आठ दिवसांनी येतो म्हणाला, तो आलाच नाही. कोटाच्या आतल्या खिशात एक कॅसेट होती. मास्तर असे सरळ की वर्षभर तिला हात लावला नाही. दुसऱ्याची वस्तू! शेवटी काकूच वैतागल्या. "त्या कोटाला दर महिन्याला ऊन दाखवता ना? मग कॅसेटीलाही जरा हवा द्या." शेजारून यंत्र मागून आणलं, आणि लावली.

काळंपांढरं चित्र, आवाज नाही. मधूनच उभ्या ओळींच्या पाट्या यायच्या, त्या जपानी, म्हणजे वाचायचा प्रश्नच नाही. पण पहिल्याच दृश्यात एक बाई शिवत बसली होती आणि मास्तर खुर्चीच्या कडेवर आले. बाई गरीब, लोकांचे कपडे शिवून पोट भरणारी. खिडकीला कागद लावलेला, जमिनीवर चटया. ती सुईत दोरा ओवते, तो पहिल्या खेपेला जात नाही, मग ती टोक ओठात ओलं करते आणि पुन्हा ओवते. बस, एवढंच. पण ते चित्र काढलं तेव्हा मास्तरांचे वडीलसुद्धा जन्मले नव्हते. ती बाई गेली, खोली गेली, ते अख्खं शहर बदललं असेल, आणि हिचा दोरा मात्र आज, इथे, दुपारी सव्वातीनला, पुन्हा पहिल्या खेपेला जात नाही! मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. काकूंनीही श्वास धरून ठेवला होता, तो दोरा आत गेल्यावर सोडला.

ती पोरासाठी एक छोटा डगला शिवत असते. एक बाही झालेली, दुसरी अर्धी. तेवढ्यात पत्र येतं. ती वाचते, उठते, अर्ध्या बाहीत सुई टोचून ठेवते, पोराला शेजारणीकडे सोपवते आणि छत्री घेऊन बर्फातून पुलापलीकडे जाते. छत्री लहान लहान होत जाते. आणि मग पडद्यावर नुसते पांढरे ठिपके.

"अहो, पुढे?" काकू म्हणाल्या.

"फीत खराब झालेली दिसते."

"अर्धी बाही टाकून कोणी जातं का? येईल ती. नीट लावा."

नीट लावायला काही राहिलंच नव्हतं. हे कळायला सहा-सात वर्षं गेली. दुसरी कॅसेट मागवली, तिच्यातही छत्री आणि ठिपके. मग चकती, तेच. तिच्यासोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं, शेवटचं रीळ हरवलेलं आहे, जगात कुणाकडेही नाही. मास्तरांनी मापवहीत लिहिलं: उंची अपुरी. पण तो पुढचा तुकडा शोधता शोधता एक सिनेमा दहा सिनेमे घेऊन आला, आणि फळ्या भरत गेल्या. दर सोमवारी, दुकान बंद असायचं त्या दुपारी, दोघं वर बसायची. वर्षातून एकदा तरी काकू विचारायच्याच, "लागला का काही पत्ता तिचा?" जणू सख्खी बहीण गेली होती पुलापलीकडे.

आणि पत्ता लागला! गेल्या वर्षी लेकीनं इंटरनेटवर वाचलं. लेक दोन गल्ल्या सोडून राहते, शाळेत इंग्रजी शिकवते. परदेशात एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या कपाटात पत्र्याचा डबा निघाला होता आणि डब्यात ते रीळ. अकरा मिनिटं. स्वच्छ करून वर्षभरात चकती निघणार. मास्तर हरखले. काकू मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "वर्षभर? जरा घाई करा म्हणावं त्यांना."

कारण काकूंचे डोळे चालले होते. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग कडांनी आतआत यायला सुरुवात केली. डॉक्टर थेंब देत होते, पण गेलेलं परत येणार नाही हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. काकू चाचपून काजं करायच्या, आणि खरं सांगायचं तर ती आधीपेक्षा सरस व्हायची. मास्तर मात्र रोज सकाळी टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून उभे. डोळे आधी जातात की पार्सल आधी येतं, एवढाच हिशेब उरला होता. पार्सल हरलं. ते आलं तेव्हा काकूंना खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

सोमवार. मास्तरांनी पडदे ओढले. कुणासाठी ते देव जाणे, पण सवय. एकट्यानं आधी बघून घ्यावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. जुना भाग काकूंना पाठ होता, म्हणून थेट पुलापाशी लावलं. छत्री लहान झाली. ठिपके आले नाहीत. चित्र पुढे गेलं.

"हं, सांगा," काकू म्हणाल्या.

मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. "बाई आहे," ते म्हणाले.

"ते ठाऊक आहे मला. पुढे?"

"चालतेय."

"अहो, तेहतीस वर्षांनी ती बया घरी यायला निघाली आणि तुम्ही म्हणे चालतेय! असं नका करू हो." काकूंनी हात पुढे करून मास्तरांचा गुडघा शोधला. "हे बघा, तुम्हाला गोष्ट सांगता येत नाही ना? नका सांगू. माप सांगा. मी घेते लिहून."

आणि काय चमत्कार, मास्तरांच्या जिभेची गाठ सुटली.

"खांदे अर्धा इंच उतरलेत. किमोनो तोच, उभ्या पट्ट्यांचा. खालची किनार चार बोटं भिजलीय. छत्री नाही. पायरीशी थांबली. जोडे काढले, एक उलटा पडला, तो सरळ केला. खोली तीच, तीन चटया. पोरगं झोपलंय पाठमोरं. पांघरूण आखूड होतंय त्याला, पावलं बाहेर."

"वाढलं गं बाई!" काकू पुटपुटल्या. हजारो माणसांची अंगं त्यांनी नुसत्या आकड्यांवरून डोळ्यांपुढे उभी केली होती. ही तर ओळखीची बाई.

"बसली. डगला उचलला. सुई तशीच टोचलेली आहे बाहीत. तोंड आपल्याकडे. गळा नीट बंद, उजवी बाजू वर, डावी आत..."

"थांबवा."

मास्तरांनी थांबवलं.

"काय म्हणालात? कुठली वर?"

"उजवी."

"नीट बघा."

"उजवीच की. बायकांच्या कोटाला असते तशी."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "मग ती गेलेली आहे हो," त्या म्हणाल्या. "ती नाही आलेली. तिचं भूत आलंय."

मास्तरांना आधी उमगेना, आणि उमगलं तेव्हा तोंड उघडं पडलं. बारा वर्षांपूर्वी एका जपानी सिनेमात एका म्हातारीचं प्रेत ठेवलेलं होतं आणि तिचा किमोनो भलत्या बाजूनं गुंडाळलेला होता. मास्तर तेव्हा जोरात म्हणाले होते, कपडेपटवाल्याला अक्कल नाही. मग पुस्तिका वाचली तर त्यात लिहिलेलं: तिकडे जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो, बाई असो वा बुवा. उजवी बाजू वर घ्यायची ती फक्त मेलेल्याची. हे त्यांनी काकूंना सांगितलं होतं खरं, पण काकूंनी तेव्हा काजावरची नजरसुद्धा उचलली नव्हती.

"तुला ते आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? म्हातारीच्या उशाशी मांजर बसलं होतं. आणि धाकटी सून रडायचं सोंग करत होती, तिच्या बाहीला एकसुद्धा डाग नव्हता ओला." काकू उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या. "बंद करा ते."

मास्तर तिथेच बसून राहिले. बाईचा चेहरा पडद्यावर थिजलेला, आणि फळ्यांवर हजार सिनेमे. हजारही ही बघत होती! आपण नुसते डबे मांडत बसलो आणि ही त्यातली मांजरंसुद्धा सांभाळून होती. इतकी वर्षं एका खोलीत बसून आपल्याला पत्ता नाही. बायकोच्या विचारानं छातीत असं धडधडण्याचं मास्तरांचं वय नव्हतं, पण धडधडलं.

संध्याकाळी लेक आली. तिनं पुस्तिकेतला लेख वाचून दाखवला. कुणी मोठे विद्वान होते, त्यांनीही तेच लिहिलं होतं, चांगलं सहा पानं: दिग्दर्शकाने नायिकेचा पोशाख मृतासारखा ठेवून सूचित केले आहे की परतलेली स्त्री जिवंत नाही, तिची माया तेवढी परतली आहे, मूकपटाच्या इतिहासातील हा सर्वांत शांत धक्का होय. काकू म्हणाल्या, "असेल. शिकलेली माणसं आहेत ती." आणि ताट बाजूला सारलं.

त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. आठ दिवस नुसता चहा आणि दोन घास. लेक चिडली, "आई, सिनेमा आहे तो! शंभर वर्षांपूर्वीची कुठली कोण बाई!" ती गेल्यावर काकू मास्तरांपाशी बोलल्या. "मला वाटायचं, ती त्या काळोखातून आली ना परत, तर आपलंही काही बिघडत नाही. माणूस काळोखात जाऊन काम पुरं करायला परत येऊ शकतं. वेडं आहे, ठाऊक आहे मला. पण मी त्याच्यावर दिवस काढत होते हो." मास्तर उठून काकूंच्या शेजारी बसले.

पुढच्या सोमवारी दुपारी काकू काजं करत होत्या. डाव्या हाताच्या बोटांनी कापडाची कड चाचपायची, उजव्या हातानं टाका घालायचा. मास्तर समोर अस्तर बेतत होते. मध्येच काकूंची सुई थांबली.

"अहो, ती बसली तेव्हा खिडकी कुठे होती?"

"कोण ती?"

"दुसरी कोण? खिडकी तिच्या कुठल्या हाताला होती?"

मास्तरांनी कात्री ठेवली, चित्र लावलं. "उजव्या."

"पहिल्या भागात डाव्या हाताला होती. डावीकडूनच घेणार उजेड, शिवणारी बाई आहे ती. उजवीकडून घेतला तर हाताची सावली टाक्यावर पडते." काकू आता ताठ बसल्या होत्या. "आणि सुई कुठल्या हातात?"

मास्तरांनी चित्र थोडं पुढे नेलं. बाईनं डगल्यातून सुई उपसली. "डाव्या," ते म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना. "डाव्या हातात आहे गं."

"का हो," काकूंनी विचारलं, "मेल्यावर माणूस डावखुरं होतं का? बरं, ती मेली. खिडकीसुद्धा मेली?"

रीळ उलटं! फीत पाठीकडून छापलेली. दवाखान्यातल्या त्या डब्यापासून कंपनीच्या यंत्रापर्यंत कुणीतरी कुठेतरी ती पालथी धरली, आणि अकरा मिनिटांत एकही पाटी नव्हती, एकही अक्षर नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. विद्वानांनी सहा पानं लिहिली. आणि मास्तर? तेहतीस वर्षं किमोनो बघणारे, कोटात जन्म घालवलेले मास्तर? त्यांनी तर आरशातली माणसं बघण्यातच हयात काढली होती. त्यांच्या डोळ्याला उलटा माणूसच सुलटा! ही चूक साऱ्या चौकात एकट्या त्यांनीच करायची होती, आणि ती त्यांनी केली.

"आरसा," ते एकदम ओरडले.

"काय?"

"थांब तू. जागची हलू नकोस."

लेकीला फोन करून बोलावलं. दोघांनी ट्रायलरूममधला आरसा भिंतीवरून उतरवला आणि जिन्यावरून वर चढवला. अवजड धूड! वळणावर अडलं, लेकीच्या नाकी नऊ आले, मास्तरांचा अंगठा चेमटला, पण माणूस ऐकेल तर शपथ. आरसा टीव्हीच्या समोर भिंतीला टेकवून उभा केला. मास्तरांनी आपली खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि आरशात बघू लागले. गेली चाळीस वर्षं बघायचे तसेच.

लेकीनं बटण दाबलं.

आरशात बाई घरी आली. जोडे काढले, एक सरळ केला. बसली. त्या ट्रायलरूमच्या आरशात, एका शिंप्याच्या बोटांचे ठसे लागलेल्या काचेत, ते चित्र सुलट झालं होतं. किती वर्षांनी, कोण जाणे.

"डावी बाजू वर," मास्तर म्हणाले. "उजवी आत."

काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"खिडकी डाव्या हाताला. सुई उजव्या हातात. दोरा संपलाय, नवा घेतला. ओवतेय." मास्तर थांबले. "नाही गेला."

"ओला करेल ती," काकू म्हणाल्या.

"केला. गेला." मास्तरांचे डोळे वाहत होते आणि आकडे चालू होते. "बाही मनगटापर्यंत आली. पोराची पावलं बघितली तिनं. उसवतेय. दोन इंच वाढवून घेतेय कापड, दुमडीतलं. पुन्हा शिवतेय. बोटं गारठलीत, फुंकर घालते मध्ये. मनगट झालं. गाठ मारली. दातानं दोरा तोडला. डगला पोराच्या पांघरुणावर पसरला. पावलं झाकली त्याची. आता खिडकीशी गेली. कागदातून उजेड येतोय, सकाळ आहे. आपल्याकडे बघतेय. संपलं."

लेक, जिला ही कुठली कोण बाई होती, ती दाराच्या चौकटीला टेकून हुंदके देत होती.

"दोन इंच वाढवून घेतलंन ना?" काकूंनी विचारलं.

"दोन पुरते."

"शहाणी आहे," काकू म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी म्हणाल्या, "भूक लागली हो."

लेकीनं त्याच आठवड्यात कंपनीला पत्र लिहिलं. खिडकी, सुई, सगळं क्रमानं. चार महिन्यांनी दोन गोष्टी आल्या: एक नवी चकती आणि एक माफीचं पत्र. रीळ सुलट करून सगळ्या चकत्या नव्यानं काढल्या होत्या, आणि त्या सहा पानांच्या जागी त्याच विद्वानांनी दोन पानं लिहिली होती. त्यांत कबूल केलं होतं की ही बाई जिवंत आहे, पहिल्यापासून जिवंत होती. मास्तरांनी जुनी मापवही काढली, अपुरी हा शब्द खोडला आणि मिनिटं लिहिली, अठ्ठ्याहत्तर.

"बाबा, शेवटच्या पानावर तुमचे आभार मानलेत," लेक म्हणाली. मग तिनं मोठ्यानं वाचलं: "ही चूक दूरच्या एका शिंप्याच्या तीक्ष्ण नजरेने हेरली. या कामी त्याच्या पत्नीने त्याला साहाय्य केले."

काकू खुसखुसल्या. "बघा, परदेशात नाव झालं तुमचं."

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि टेबलावर ठेवली.

"परत उलटं छापलं यांनी," ते लेकीला म्हणाले. "बस इथे. लिही दुसरं पत्र."